चौदा एप्रिलची ड्युटी

"तारीखच तर बदलायची आहे! तुमचा मणका या रविवारी सरकला की त्या रविवारी, याच्याशी वॉशिंग्टनला काय करायचंय?"

"चौदा एप्रिल लिहू म्हणतेस?"

"लिहा. त्यांनीच सुचवलंय, मी नाही."

"सुजाता, चौदा एप्रिल एक्क्याण्णव. शताब्दी होती. मी स्टेजवर होतो. सत्तर माणसं समोर बसली होती."

"मग काय ती सत्तर माणसं पत्रं पाठवणार आहेत? अर्धे तर खीर खायला आले होते."

डायनिंग टेबलच्या कडेला दोन्ही हात टेकवून ज्ञानदेव मेश्राम सावकाश उठले. पाठीचं दुसरं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना असंच उठावं लागे, आधी हात, मग खांदे, मग बाकीचा माणूस. सुजाता दर वेळी दुसरीकडे बघायची. आज तिने मुद्दाम त्यांच्याकडेच बघितलं.

टेबलावर काँग्रेसमनच्या, म्हणजे त्यांच्या भागाच्या खासदाराच्या, ऑफिसातून आलेलं पत्र होतं. मार्च शहाण्णवचा शेवटचा आठवडा होता आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

ज्ञानदेव नागपूरचे. वडील कापडगिरणीत साच्यावर होते. पोराला सरकारी नोकरी लागावी एवढीच त्यांची इच्छा होती. पोरगा बीएस्सी झाला, अमेरिकेत आला, परीक्षा देऊन लॅब टेक्नॉलॉजिस्ट झाला आणि माजी सैनिकांच्या एका सरकारी हॉस्पिटलात चिकटला. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले ते 'पोरगा अमेरिकेत आहे' म्हणून नाही, 'सरकारात आहे' म्हणून. सरकार कोणाचं, हा त्यांच्या दृष्टीने बारीक तपशील होता. ज्ञानदेवांनीही ती नोकरी तशीच केली. पंधरा वर्षांत एकदाही उशीर नाही, रक्ताच्या नमुन्यांची एकदाही गल्लत नाही. बॉस्टनपासून तासाभरावर, श्रूजबरीत छोटं घर घेतलं. नियमाबाहेर ते एकदाच गेले.

एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जन्मशताब्दी होती. बॉस्टन, कनेक्टिकट, थेट जर्सी सिटीहून माणसं यायची होती. एका चर्चचा तळघरातला हॉल ठरला होता. सगळी व्यवस्था सुजाताकडे होती आणि मुख्य भाषण ज्ञानदेवांचं होतं. नेमकी त्याच रविवारी त्यांची ड्युटी लागली. सुपरवायझरने त्या महिन्यात ड्युट्यांची अदलाबदल बंद केली होती.

"कोणाला तरी सांगा ना," सुजाता म्हणाली होती. "शताब्दी काय पुन्हा येणार आहे?"

ज्ञानदेवांनी लिओला सांगितलं. लिओ त्यांच्याच लॅबमधला, वयाने मोठा, रोज डब्यातली पोळी मागून खाणारा. त्याला ईस्टरच्या रविवारी नातवंडांकडे जायचं होतं. दोघांनी मिळून ठरवलं. ईस्टरला, एकतीस मार्चला, ज्ञानदेव लिओच्या जागी जातील आणि लिओचं कार्ड हजेरीच्या घड्याळात घालतील. चौदा एप्रिलला लिओ येईल आणि ज्ञानदेवांचं कार्ड घालेल. रविवारी लॅबमध्ये एकच माणूस असे. कोण बघतंय?

ईस्टरच्या दुपारी गॅसचा सिलिंडर बदलताना तो कलंडला. ज्ञानदेवांनी तो धरला. सोडून दिला असता तर फार तर फरशी फुटली असती. पण सरकारी सिलिंडर होता. धरला, आणि कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं.

ते कोणाला सांगणार? कागदावर ते त्या दिवशी घरी होते. सांगितलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती. गोळ्या खाऊन त्यांनी दोन आठवडे काढले, पट्टा बांधून शताब्दीचं भाषण केलं आणि सोळा एप्रिलला डॉक्टरकडे गेले. कसं लागलं, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा शेजारी बसलेल्या सुजाताने सांगून टाकलं, घरी सोफा हलवताना. ती वूस्टरला एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायची. कामावर लागलं म्हटलं की फॅमिली इन्शुरन्स हात वर करतो आणि चौकशी लागते, हे तिला पाठ होतं.

दुखणं जाईल असं दोघांना वाटत होतं. ते गेलं नाही. त्र्याण्णवला पहिलं ऑपरेशन झालं, पंच्याण्णवला दुसरं. मग उभं राहणंच जमेना आणि नोकरी सोडावी लागली. आजारपणाची छोटीशी पेन्शन बसली. कामावर झालेल्या दुखापतीचा दावा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा केला. तो एका ओळीत परत आला. मुदत तीन वर्षांची होती, ती संपली होती.

मुदत माफ करायला एकच वाट होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एकट्या ज्ञानदेव मेश्राम यांच्यासाठी कायदा करायचा. असं होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. एका माणसापुरता कायदा, वर त्याचं नाव, खाली 'यांना दिलासा मिळण्यासाठी'. दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचा आणि राष्ट्राध्यक्षांनी सही करायची. तरी पैसे मिळतीलच असं नाही. दावा ऐकला जाईल, इतकंच. काँग्रेसमनच्या ऑफिसातली मुलगी भली होती. तिने बिल मांडून घेतलं. छापील प्रत घरी आली, त्या दिवशी सुजाता म्हणाली होती, "बाबासाहेबांनी कायदा लिहिला, तुमच्या नावानं निघाला! चला, शताब्दीच्या वर्गणीदारांना कळवा." ज्ञानदेवसुद्धा हसले होते.

आता बिल तपासणाऱ्या समितीने हॉस्पिटलकडून हजेरी मागवली होती. भल्या मुलीचं पत्र त्यावर होतं. एकतीस मार्चला आपण ड्युटीवर असल्याची नोंद नाही. मात्र दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी, चौदा एप्रिलला, पूर्ण दिवस नोंद आहे. डॉक्टरची पहिली भेटही सोळा एप्रिलचीच आहे. तारखेत आपली चूक झाली असावी का? तसं असल्यास त्या दिवसाची सविस्तर हकीकत शपथेवर लिहून पाठवावी.

"बघा, सगळं जुळतं," सुजाता म्हणाली. "मी दिवसाला पन्नास क्लेम बघते. कागदाला कागद जुळला की पास. खरं काय नि खोटं काय, बघायला वेळ कोणाला आहे?"

"सोफ्याचं काय?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरून सांगितलं. ते तर खरंच आहे."

"आणि मुसावादा वेरमणी? दर रविवारी वंदनेला मुलांकडून मीच म्हणवून घेतो ना? मी खोटं बोलणार नाही."

सुजाताने हातातला पेला ठेवला. "काहून? दुसऱ्याचं कार्ड घड्याळात घातलं, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं पंचशील?"

ज्ञानदेवांनी टेबलावरचं पत्र उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"तो दिवस नको," ते म्हणाले. "दुसरा कुठलाही मागितला असता तर कदाचित लिहिलंही असतं. त्या दिवशी मी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून कायद्यापुढे सगळे सारखे, असं बोललो. आता एकट्यापुरता कायदा मागायचा, आणि त्यासाठी तो दिवस खोडायचा?"

"मग खरं लिहा! एकतीस मार्च, लिओच्या कार्डावर. लिहा."

ज्ञानदेव दुसऱ्या दिवशी लिओकडे गेले. सुजातानेच ड्राइव्ह केलं आणि ती गाडीत बसून राहिली. लिओ दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला होता. बायकोला, डोरिसला, कंपवात होता. तिला भरवता भरवताच तो बोलला.

"चौदा तारीख टाक, ग्यान. कागद तुझ्या बाजूनं आहे."

"आणि मी खरं लिहिलं तर?"

लिओने चमचा पुसला. "तर ते माझ्याकडे येतील. पेन्शनचं काय होईल मला ठाऊक नाही. हिचं औषधपाणी त्याच इन्शुरन्सवर चालतं." मग तो म्हणाला, "तू लिहिलंस तर मी नाकारणार नाही. खरंच आहे ते. पण लिहू नकोस."

गाडीत बसल्यावर सुजाताने विचारलं नाही आणि ज्ञानदेवांनी सांगितलं नाही. सिग्नलला थांबल्यावर तीच म्हणाली, "मीच मागे लागले होते तुमच्या. दुसऱ्या कोणी भाषण केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"सोमवारी सकाळी जाऊन सांगायला हवं होतं मी. फार तर नोकरी गेली असती. ती गेलीच."

"तेव्हा मी सांगू दिलं नसतं," सुजाता म्हणाली आणि गिअर टाकला.

बुधवारी दुपारी ज्ञानदेव लिहायला बसले. सुजाता ऑफिसला गेली होती. आधी त्यांनी फक्त तारीख लिहिली. मग सातची वेळ, पार्किंगमधून लॅबपर्यंतचा रस्ता, आणि मग हात आपोआप चालायला लागला. रविवारची सकाळ त्यांना डोळे मिटून माहीत होती. वॉर्डातून येणारे नमुने, अकराच्या सुमाराची सामसूम, मशीन धुऊन घेणं, डब्यातलं वांग्याचं भरीत. सिलिंडर खराच होता, तो दोन आठवडे पुढे नेला, एवढंच. तीन पानं झाली. वाचून पाहिली. एकही वाक्य खटकलं नाही. शताब्दीच्या भाषणाला त्यांना आठ दिवस लागले होते, हे दीड तासात झालं होतं.

संध्याकाळी त्यांची लेक उपासना शाळेतून आली. ती सतरा वर्षांची. घरातली इंग्रजी पत्रं टाइप करायचं काम तिचंच होतं. तिला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या राज्यातली म्हणून फी जास्त होती, आणि एक मेपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. दावा ऐकला जाणार असेल तर घर गहाण टाकून पहिलं वर्ष काढता येईल, असा सुजाताचा हिशेब होता. उपासनाने वसतिगृहाचा फोटो फ्रिजवर लावला होता. त्याबद्दल ती काही बोलत नसे.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. ज्ञानदेव मागे खुर्ची धरून उभे. ती एका लयीत टाइप करत गेली. दुसऱ्या पानावर हात थांबला.

"बाबा, धिस इज द डे ऑफ द चर्च थिंग, राइट? मी बुद्धवंदना म्हटली होती."

"हो."

"ओके." तिने पुढे टाइप केलं. एक परिच्छेद झाल्यावर, पडद्यावरची नजर न हलवता तिने विचारलं, "सो व्हेअर वॉज आय? म्हणजे मला कोणी फोन केला तर. मी आईबरोबर घरी होते म्हणू? की प्रोग्रॅमला गेले होते, पण तुम्ही नव्हतात?"

"तुला कोणी विचारणार नाही."

"बट इफ दे डू. आपण सगळ्यांनी सेम सांगायला हवं ना? लतिका मावशीलाही सांगावं लागेल. तिने व्हिडिओ काढला होता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. शाळेच्या प्रोजेक्टची कामं वाटून घ्यावीत तसं ती विचारत होती. कोणी काय म्हणायचं. ज्ञानदेवांनी खुर्चीची पाठ सोडली आणि ते भिंतीला धरून पलंगापर्यंत गेले.

"बाबा? प्रिंट करू?"

"राहू दे."

"सेव्ह करू?"

"नको."

सुजाता आली तेव्हा उपासनाने तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं असावं. कुकरच्या शिट्ट्यांमधून दोघींचे आवाज ऐकू येत होते. एकदा सुजाताचा चढला, "हीच वेळ मिळाली तुला प्रश्न विचारायला?" आणि उपासना रडवेली होऊन म्हणाली, "आय वॉज ट्राइंग टू हेल्प!"

त्या रात्री सुजाता ज्ञानदेवांशी एक वाक्यही बोलली नाही. पाठीला शेकायची पिशवी मात्र तिने नेहमीप्रमाणे गरम करून आणली, उशीशी ठेवली आणि म्हणाली नाही की गरम आहे, जपून.

गुरुवारी सकाळी दोघी बाहेर पडल्यावर ज्ञानदेवांनी फोन लावला. ऑफिसातली मुलगी आनंदाने म्हणाली की ती त्यांच्याच हकिकतीची वाट पाहत होती. ज्ञानदेवांना आपलं म्हणणं तिला दोनदा सांगावं लागलं. तारीख चुकली का, असं तिने पुन्हा विचारलं. नाही, म्हणाले. मग अडचण काय? अडचण काही नाही, म्हणाले. ती म्हणाली की असं बिल कमिटीपर्यंत पोचणंच दुर्मीळ असतं, पुन्हा मांडता येईलसं वाटत नाही, एकदा घरच्यांशी बोलून घ्या. ज्ञानदेवांनी तिचे इतक्या महिन्यांचे कष्ट वाया गेले म्हणून माफी मागितली. ती अगदी मनापासून मागितली.

मग दिवसभर ते घरातच फिरत राहिले. हिवाळ्यात ज्याच्या बर्फाला ते आता हात लावू शकत नव्हते तो ड्राइव्हवे त्यांनी खिडकीतून पाहिला. तळघराच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. नोकरी सुटल्यापासून ते रोजच या घरात एकटे असत, पण घराकडे असं बघत ते कधी फिरले नव्हते.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. सुजाताने आमटी वाढली आणि पहिल्यांदाच विचारलं, "उद्या शुक्रवार. पाठवलं का काही?"

"फोन केला मी सकाळी. बिल पुढे नेऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी काढून घेतलंय."

उपासनाचा घास हातात राहिला. सुजाता पळी भांड्यात तशीच सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो आला नाही.

"मला विचारायचं होतं एकदा," ती म्हणाली.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. बरोबरच म्हणाली असतीस."

मग ते उपासनाकडे वळले. आवाज नेहमीचाच होता, लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

"मे महिन्यात घर विकायला काढायचं. पेन्शनमध्ये ते आता झेपत नाही. आपण वूस्टरला अपार्टमेंट घेऊ, आईच्या ऑफिसजवळ. तू स्टेट कॉलेजला नाही जाणार. घरी राहून इथल्या कॉलेजात शिकशील."