एकाहत्तर नंबरचा पत्ता

डोंगरातल्या त्या चौकीवर मी सिग्नलचा हवालदार होतो. माझं गाव पिंपरी पेंढार. आमच्या वरच्या पोस्टवर नायक दत्तू होता, निरगुडसरचा. वायरलेस सेटवर हिंदीत बोलायचा नियम होता. आम्ही दोघंच असलो की तो मोडायचो.

कॉम्प्युटर जोडायला आम्हाला आठ पत्ते मिळाले होते. चौसष्ट ते एकाहत्तर. पहिला पत्ता त्या गटाचा, म्हणजे नेटवर्कचा, स्वतःचा. शेवटचा, सगळ्या मशीनना एकदम हाक मारण्यासाठी. हे दोन कोणाला देता येत नाहीत. उरले सहा. पासष्ट राउटरला, पुढचे पाच पाच मशीनना. हे मी जवानांना शिकवायचो.

मग दत्तूच्या पोस्टला नवं मशीन आलं. मी रजिस्टर उघडलं. पहिल्या ओळीत ‘नेटवर्क’ लिहिलेलं होतं, शेवटची ओळ कोरी. मला कोरी ओळ बघवत नाही. मी तिथे दत्तूची पोस्ट लिहिली.

सकाळी नऊ चाळीसला तो सेटवर आला.

“भाऊ, मशीन कुणाशी बोलंना.”

“पत्ता?”

“एकाहत्तर. तीनदा टाकला. लई हट्टी हाय, तुमच्या पिंपरीकरांवानी.”

“लाइन तुटली असेल. बघून ये.”

“रातभर बर्फ पडलाय राव.”

“दुपारी रिपोर्ट जायचा आहे.”

“जातो. ओव्हर.”

दहा वाजून पाच मिनिटांनी उतारावरचा बर्फ सुटला. बाराला आम्ही त्याला बाहेर काढलं. केबल त्याच्या हातात होती.

संध्याकाळी मी लाइन तपासली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगली होती. मग रजिस्टर उघडलं. सुभेदारसाहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मिटून माझ्याकडे परत दिलं.

पेन्शनवर आलो तेव्हा निरगुडसरला गेलो. दत्तूच्या वडिलांनी विचारलं, “लाइन तुटली व्हती का?” मी हो म्हणालो.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणालो, “काका, लाइन चांगली होती. पत्ता मी चुकीचा दिला होता.”

ते उठून गोठ्यात गेले. म्हशीला वैरण टाकली. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा दारातूनच म्हणाले, “जेवून जा. दत्तूची आई ताट वाढतीय.”

दरवर्षी जातो. ताटं तीन असतात, आणि भिंतीवर दत्तू वर्दीत.