हंसाच्या बोटीत सांडलेले तांदूळ

ती हंसाची बोट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इथं सावेडीत नातवंडं पोलिसातली गोष्ट मागतात तेव्हा तोंडात पहिली हीच येते.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात एका नदीकाठच्या ठाण्यात होते. हद्दीत इंग्रजांच्या काळातला बंधारा, तिथूनच त्यांनी खोदलेला कालवा निघतो. बंधाऱ्यामागं पाणी पसरतं, तिथं बोट क्लब निघाला होता. धक्का, कपडे बदलायच्या खोल्या, नळ, चहाची टपरी आणि पायांनी पायडल मारायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी. पूर्वी तिथं होडी चालायची, या काठाची माणसं त्या काठाला पोचवायची. क्लब आला आणि होडी बंद झाली. क्लबची बोट फेरी मारून निघाली तिथंच परत येणार; पलीकडं उतरायचं नाही, असा नियम.

एका मंगळवारी क्लबचा मॅनेजर ठाण्यात आला. एक हंस चोरीला गेला म्हणाला. ठाणे अंमलदारानं हसू दाबत तक्रार लिहायला घेतली. सोमवारी क्लब बंद, किल्ल्या राखणदाराकडं, तेव्हा त्यानंच बोट विकली, गुन्हा दाखल करा, असं मॅनेजरचं म्हणणं. राखणदार साठीला टेकलेला, पलीकडच्या काठच्या गावचा. चोर म्हणून नाव लागलं असतं तर त्या वयात त्याला कोण कामावर ठेवणार होतं?

दुपारी कालव्याच्या गेटवरून फोन आला, की तुमचा हंस इथं बेशरमाच्या झुडपात अडकलाय. आदल्या संध्याकाळी शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. त्या ओढीनं बोटीचा दोर सुटला आणि ती वाहत आली. पंचनाम्याला मी स्वतः गेले. सीटच्या सांदीत तांदळाचे दाणे होते, हळदीकुंकू लागलेले. आमचे हवालदार चार पावलं मागं सरकले. म्हणाले, मॅडम, करणीचं दिसतंय, हात लावू नका. मी दाणे कागदात बांधून घेतले.

ठाण्यात राखणदाराला चहा दिला. खोटं बोलणारा माणूस चहाच्या कपाकडं बघून बोलतो, हा माझा अनुभव. हा कपाकडंच बघत म्हणाला, "मीच नेल्ती बाईसाहेब. हौस म्हनून. लिहून घ्या." फिरवून फिरवून विचारलं, उत्तर तेच. शेवटी मी पुडी उघडून त्याच्यापुढं ठेवली.

"बरं दादा, मग तुमची ओटी कुणी भरली?"

हवालदार फिसकन हसले. राखणदारानं कप खाली ठेवला. अहो, माहेराहून निघालेल्या लेकीच्या पदरात तांदूळ घालतात, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? त्या पदरानिशी पायडल मारलं तर दाणे सांडणारच.

"आमच्या गावची लेक हाय ती," तो म्हणाला. "तिचं नाव घिऊ नका."

नाव घ्यायची वेळ आलीच नाही. त्याला ठाण्यात आणल्याचं ऐकून क्लबच्या खोल्या झाडणारी बाई आपण होऊन दारात उभी राहिली. तिची आई पलीकडं अंथरुणाला खिळलेली, कानानं बहिरी, म्हणजे फोनचाही उपयोग नाही. पुलावरून जायचं तर दोन एसट्या बदलायच्या, आणि संध्याकाळच्या आत परत येणं होत नाही. पाण्यापलीकडं मात्र माहेरच्या घराचा पत्रा चमकताना दिसायचा. म्हणून सोमवारी राखणदार बोट सोडायचा. ही जायची, आईची वेणी घालायची, घटकाभर पाय चेपायची आणि परत यायची. या खेपेला घाईत दोर नीट बांधला गेला नव्हता.

मॅनेजरला मी समजावलं, की यात चोरीचा हेतू नाही आणि मालही मिळालाय. त्यानं कुरकुरत का होईना, तक्रार मागं घेतली. दोघांचं काम टिकलं. पण बोट पुन्हा द्यायला तो कबूल होईना, आणि मीही गळ घातली नाही. आवर्तनाची ओढ माणसालाही नेते. तसं मी बाईला बजावलं. तिनं मान हलवली.

"न्हाई बसत बोटीत. पन खोल्या झाडताना घर दिसतं, बाईसाहेब. तिकडं बघू पन नको का?"

मी पलीकडच्या गावाची गस्त सोमवारी लावली. जीप जाताना तिला घेऊन जायची, येताना घेऊन यायची. हे नियमात बसतं का, मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. थंडीच्या दिवसांत तिची आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर एका सोमवारी मी सवयीनं तिच्या दाराशी जीप थांबवली. ती बाहेर आली, पण चढली नाही.

"आता नको बाईसाहेब. तिकडं जाऊन कुनाला हाक मारू?"

या केसनं मला एवढं शिकवलं, की वस्तू कुणी नेली हे विचारण्याआधी ती घेऊन माणूस कुठं निघाला होता हे विचारावं. निम्मे गुन्हे तिथंच उलगडतात. बाकी, माझं माहेर कोल्हारचं. माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला तर पाणीही आडवं नव्हतं. सरळ डांबरी रस्ता होता, दारात गाडी होती. पुढच्या रविवारी सुट्टी मिळाली, कोल्हारला जायचं म्हणून आवरून बसले, साडीही नेसले. आणि दुपारपर्यंत तशीच घरात बसून राहिले.