बाजूला पडलेलं भोक

सुमेधा तोडणकर पन्नासाव्या वर्षी गाडी शिकल्या, त्या हौसेखातर नव्हे. त्यांच्या नवऱ्याच्या, शांतारामच्या, किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिक्षाच्या धक्क्यांनी शांताराम हैराण व्हायचे, म्हणून सुमेधाताईंनी जुनी गाडी घेतली आणि महिनाभरात मनवेलपाड्याच्या गल्ल्यांतून सफाईने चालवायलाही लागल्या.

शांतारामना फार चालवत नव्हतं. सोसायटीने मीटिंग घेऊन गेटजवळची, बदामाच्या सावलीतली जागा तोडणकरांच्या गाडीला दिली. तिथे आधी विलास राऊत गाडी लावायचे. त्यांना आपली गाडी मागे, उन्हात हलवावी लागली.

पंधरा दिवसांनी टायरमध्ये स्क्रू निघाला. महिन्याने खिळा. दोन्ही वेळा सांडोरच्या पंक्चरवाल्या जेन्सनने चाक न काढता प्लग मारून दिला. "रस्त्याला लागतो तो भाग आहे मॅडम, इथं पंक्चर काढलं की टायर पुन्हा ठणठणीत."

तिसऱ्यांदा, गुरुवारी सकाळी, डायलिसिसला निघताना चाक जमिनीला टेकलेलं होतं. स्टेपनी आधीच वाया गेलेली. जेन्सन आला, टायरवर साबणाचं पाणी ओतलं, आणि बुडबुडे आले ते बाजूने.

"हा बदलायचाच," तो म्हणाला.

"पॅच नाही का लागणार?"

"नाय. गाडी धावताना ही बाजू सारखी वाकते. पॅच सुटतो. हायवेवर फुटला तर गाडी हातात राहत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मॅडम, हे रस्त्यावरचं नाय. कुणीतरी टोचलंय."

रिक्षाने जायला शांताराम तयार होईनात, आणि नवा टायर येईपर्यंत डायलिसिसची पाळी गेली. दुसऱ्या दिवशी शांतारामना श्वास घेता येईना. दोन दिवस ते आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर बसून सुमेधाताई एकच विचार करत होत्या: कोण?

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. घरी परतल्यावर जिन्यात विलास भेटले. "टायर बदललात म्हणे? जपा हो. बाजूने फाटला की काही उपयोग नसतो."

बाजूने. हे जेन्सनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी तक्रार केली नाही. पुरावा काय देणार? बाजारातून चांभाराची आरी आणली आणि रविवारची वाट पाहिली. दुपारी दोनला सगळी बिल्डिंग झोपलेली असताना त्या खाली उतरल्या, विलासच्या गाडीशी वाकल्या आणि मागच्या चाकाच्या बाजूला आरी टेकवून वर बत्ता हाणला. हवा फुसकन सुटली. कितीतरी दिवसांनी त्यांना पोटभर जेवावंसं वाटलं.

संध्याकाळी खिडकीतून विलासचा आवाज ऐकू आला. वॉचमनला सांगत होते, "जेन्सन म्हणतो टायर बदला. लुटायला बसलेत! नाक्यावरच्या एकाने पॅच मारून दिला. उद्या सुरतेला निघतोय, अनुष्काला घेऊन."

अनुष्का त्यांची मुलगी. शांताराम आयसीयूत असताना तीच सुमेधाताईंसाठी भाताची पेज घेऊन आली होती.

सकाळी गाडीत बॅगा चढल्या. अनुष्का पुढे बसली. विलासनी गाडी सुरू केली, तोच सुमेधाताई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात आरी होती.

"विलासभाऊ, तो टायर बदला."

"तुम्हाला काय करायचंय?"

"भोक मी पाडलंय. ह्या आरीने. तुम्ही माझ्या टायरला पाडलंत ना, अगदी तिथंच."

विलास खाली उतरले. "पोलिसात देईन! पुरावा आहे का माझ्याविरुद्ध?"

"नाही. माझ्याविरुद्ध आहे, हा घ्या." त्यांनी आरी बॉनेटवर ठेवली. "द्या पोलिसात. तिथे मीही सांगेन, ह्यांचं डायलिसिस कशामुळे चुकलं ते."

अनुष्काही उतरली होती. "बाबा? काका आयसीयूत होते ते... तुमच्यामुळे?"

विलास चाकाकडे बघत राहिले. मुलीने पुन्हा विचारलं नाही. बॅग उचलून ती वर निघून गेली. त्या क्षणी विलासचं तोंड जसं उतरलं, तसं कुठल्या टायरने उतरलं नसतं. सुमेधाताईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं.

सुरत राहिली. जेन्सनने नवा टायर बसवला. पोलिसात कुणी गेलं नाही.

गणपतीत विलासच्या बायकोने मोदकांचा डबा पाठवला. सुमेधाताईंनी तो न उघडता परत दिला.

"अगं, निदान त्या पोरीकडे बघून तरी..." शांताराम म्हणाले.

"पोरीकडे बघूनच त्या दिवशी खाली गेले होते," त्या म्हणाल्या. "तो एकटा असता तर जाऊ दिला असता."

शांतारामनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.