तिसऱ्या खुर्चीतली ओतिलिया

ओतिलिया माल्पिका मेक्सिकोतल्या आमच्या हलापा शहराच्या संगीतशाळेत आली ती व्हायोलिन घेऊन. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्षी चौघांच्या गटात वाजवावं लागतं: दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा नि खालच्या सुराचा एक व्हिओला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा एक चेलो. त्या वर्षी व्हायोलिनवाले भरपूर आणि व्हिओलावाला एकही नाही. हे गट चेलो शिकवणाऱ्या सुलेमाबाईंकडे असतात. त्यांनी वर्गात विचारलं, "व्हिओला कोण घेतंय?" सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. ओतिलिया खिडकीबाहेरचं धुकं बघत होती. तिनं मान वळवली आणि नेमकी बाईंशी नजरानजर झाली.

"ठरलं तर," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षापुरतं."

पहिले काही आठवडे हालाचे गेले. व्हिओलाची स्वरलिपी वेगळ्या खुणेनं सुरू होते आणि त्याच रेघेवर भलताच सूर असतो. व्हायोलिनला सरावलेलं बोट चुकीच्या जागी जातं, आणि जातं तेही ठामपणे. मी इथला कारकून; माझी कचेरी सरावाच्या खोलीला लागून आहे, मधली भिंत पातळ. पहिलं व्हायोलिन वाजवणारा एवारिस्तो हात थांबवून म्हणायचा, "ओतिलिया, वाजवतेयस की कपाट सरकवतेयस?"

"कपाटच आहे. तुझा मोठेपणा मावेल एवढं."

नाउम नावाचा चेलोवाला पोरगा हसता हसता गज खाली टाकायचा. पर्ला, दुसरं व्हायोलिन, तेवढ्यात गोड पाव खाऊन घ्यायची. बाई ओरडायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सुलेमाबाईंची एक रीत आहे. दर आठवड्याला चौघांपैकी एकाला गज खाली ठेवून भिंतीशी बसायला लावतात. उरलेले तिघे तोच भाग वाजवतात आणि बसलेल्यानं आपली रिकामी खुर्ची ऐकायची. एवारिस्तोची पाळी आली की चाल जाते. नाउमची आली की पायाखालची जमीन जाते. मार्चमध्ये ओतिलिया भिंतीशी बसली. तिनं काय ऐकलं ते कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती इतरांच्या अर्धा तास आधी येऊन एकटीच खालच्या तारा घासत बसायला लागली.

एप्रिलमध्ये पर्लानं सांगितलं की ती भावाकडे मोंतेर्रेला जाणार. म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची मोकळी. बाईंनी ओतिलियाला बोलावलं. "तुला दिलेला शब्द मी पाळते. पर्लाची जागा हवी तर तुझी. पण या वर्षअखेर प्रत्येकाचं मुख्य वाद्य पक्कं होतं, मग पदवीपर्यंत बदल नाही. सोमवारी सांग."

ओतिलियाची खरी अडचण घरी होती. तिचे वडील अबुंदिओ जवळच्या कोआतेपेकच्या चौकात रविवारी दान्सोनच्या नाचाला वाजवणाऱ्या बँडमध्ये आहेत. पुढच्या व्हायोलिनच्या खुर्चीत आधी त्यांचे वडील बसत, मग ते. आता त्यांची बोटं आखडायला लागली होती. ती खुर्ची लेकीची, हे घरात कधीच ठरून गेलेलं. बँडमध्ये व्हिओला नाही. कधी नव्हताच.

सोमवारी सकाळी अबुंदिओ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. पांढरा इस्त्रीचा सदरा, हातात तमालांची, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेल्या मुटक्यांची, गरम पिशवी.

"साहेब, पोरीचं वाद्य इथंच बदलून मिळतं ना?"

"इथं नाही. बाईंकडे. आणि मुलीनं स्वतः सांगावं लागतं."

"ती काय सांगणार! रात्रभर 'ठरत नाही बाबा, ठरत नाही.' अहो, व्हायोलिन असताना हे फुगलेलं व्हायोलिन कोण घेतं?" त्यांनी एक तमाल माझ्यापुढे ठेवला. "खा. बायकोनं केलेत."

मी त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेलो आणि दारातच थांबलो. वडिलांना बघून ओतिलियाचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही इथं?"

"मग काय, तुझ्या तोंडातून शब्द फुटेपर्यंत कोआतेपेकला थांबू? बाई, नमस्कार. माझी लेक व्हायोलिन वाजवणार."

सुलेमाबाईंनी वाद घातला नाही. "बसा हो. इथवर आलात, थोडं ऐकून जा." चौघांनी संथ भाग वाजवला. अबुंदिओंनी डोळे मिटून मान डोलवली आणि झाल्यावर म्हणाले, "छान. पण हिचं काही ऐकूच आलं नाही."

"ओतिलिया," बाई म्हणाल्या, "गज खाली ठेव. वडिलांशेजारी बस."

तिघांनी तोच भाग पुन्हा धरला. एवारिस्तोची चाल तीच, नाउमचा खालचा सूर तोच. पण चाल वर तरंगत राहिली आणि चेलो खाली एकटाच चालत राहिला. अबुंदिओंनी डोळे उघडले. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग नाउमकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. त्यांची आखडलेली बोटं गुडघ्यावर काहीतरी शोधत होती.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "अगं, हे तर आपल्या चुचोसारखं!"

"कोण चुचो?" बाईंनी विचारलं.

"आमचा गुइरोवाला. भोपळ्यावर काडी घासतो, बाकी काही नाही. पण तो बिअर प्यायला खाली उतरला की नाचणारे अडखळतात. कोणाला कळत नाही का अडखळलो. बायका नवऱ्यांना शिव्या देतात." ते लेकीकडे वळले. "तुला हे माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार, बाबा? कोणाला ऐकू येत नाही तेच मला आवडतं, असं?"

अबुंदिओंनी आपली बोटं चोळली. "आणि माझी खुर्ची?"

"तुमची खुर्ची मला नको आहे, बाबा." ती हळू, पण सरळ बोलली. "मला ती आवडते." तिनं आपल्या रिकाम्या तिसऱ्या खुर्चीकडे बोट केलं.

मग अबुंदिओंनी पिशवी उघडली. "घ्या, थंड होतायत. ए उंच पोरा, तूही घे. माझ्या लेकीला कपाट म्हणतोस तो तूच ना?"

"मी वाद्याला म्हणतो, काका."

"वाद्यालाही म्हणायचं नाही."

दुपारी ते बसला निघाले तेव्हा ओतिलिया फाटकापर्यंत सोडायला गेली. मीही जेवायला त्याच वाटेनं निघालो होतो.

"रविवारी ये चौकात," ते म्हणत होते. "ते मोठं घेऊन ये."

"तुमच्या कागदांत व्हिओलासाठी एक सूरही लिहिलेला नाही. मी वाजवू काय?"

"ते मला काय विचारतेस? चुचो उतरला की बघ कुठं भोक पडतं. तिथं वाजव."

त्या रविवारी मी बायकोला घेऊन कोआतेपेकला गेलो. पुढच्या खुर्चीत अबुंदिओच होते. त्यांच्या मागे, चुचोच्या शेजारी, एक जादा खुर्ची मांडली होती. ओतिलिया काय वाजवत होती ते मला नीट ऐकू आलं नाही. आम्ही तीन दान्सोन नाचलो आणि बायकोनं मला एकदाही शिवी दिली नाही.