संतोषच्या बाटलीतून पाणी पडलं नाही

“तुझ्या बाटलीत जेली झालीये संतोष, शोध लागलेला नाही.”

हे वाक्य माझं आहे.

वीस वर्षांपूर्वी, डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये, सगळ्यांसमोर म्हटलेलं. हॉल हसला. सर हसले. संतोषही हसला, आणि बाटली शर्टाच्या खिशात टाकून खाली बसला.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

संतोष हिंजवडीचा. घरी चार म्हशी आणि कुंपणापलीकडे कंपन्यांच्या बसेस, अशा काळातला. मी कोथरूडची. पीएच.डी.ला आम्ही एकाच सरांकडे, एकाच टेबलावर. तो काही बोलला की मी त्याचं मराठी दुरुस्त करायचे. मला ती मैत्री वाटायची.

त्याचं काम साध्या शब्दांत सांगते.

चरबीचे काही रेणू पाण्यात सोडले की ते आपणहून एकमेकांना बिलगतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोल पिशव्या तयार होतात. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये फक्त दोन रेणूंची भिंत. आपल्या प्रत्येक पेशीभोवती साधारण अशीच भिंत असते. तेवढ्यावर आपण सगळे जगतो.

संतोषने कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारा एक पॉलिमर घेतला. लांब दोऱ्यासारखा रेणू. त्याला जागोजागी तेलकट शेपट्या जोडल्या, ज्यांना पाणी मुळीच सोसत नाही.

एका बाटलीत पिशव्यांचं पाणी. दुसरीत पॉलिमरचं. दोन्ही पातळ.

ती त्याने एकत्र केली, हलवली, आणि माझ्या नाकासमोर बाटली उलटी धरली.

“पडत नाय बघ.”

खरंच पडत नव्हतं. मी टिचक्या मारून पाहिल्या.

त्याचं म्हणणं असं, की शेपट्या पाण्याला भिऊन पिशव्यांच्या भिंतीत शिरतात. एक दोरा कितीतरी पिशव्यांना धरतो, एक पिशवी कितीतरी दोऱ्यांना. सगळं पाणी त्या जाळ्यात अडकतं. आणि भिंती शाबूत राहतात.

मला ते पटेना. शेपटी घुसली म्हणजे भिंत फाटणारच. पिशव्या फुटल्यात आणि नुसत्या पॉलिमरचा गुंता झालाय, असं माझं मत.

सेमिनारमध्ये मी ते ठणकावून मांडलं. तो म्हणाला, “अगं, दोडक्याचा वेल तारेला धरतो. तार तोडतो का?”

हॉलमध्ये खसखस पिकली. मला जोर चढला. मग ते जेलीचं वाक्य.

पिशव्या फुटल्या की नाही हे तपासायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. म्हणजे पुरावा त्याच्याकडे नव्हता, तसा माझ्याकडेही नव्हता. माझ्याकडे फक्त बोलणं होतं.

सरांनी त्याचा विषय बदलला. वर्षभरात तो पीएच.डी. सोडून रंगाच्या कंपनीत लागला.

चार वर्षांपूर्वी मंडईत भेटला. हातात मेथीच्या दोन जुड्या.

“काय मॅडम, अजून बुडबुडेच फुगवताय?”

“हो रे. तू काय करतोस?”

“आम्ही रंगात टाकतो की तुमचा शेपटीवाला पॉलिमर. ओघळत नाय मग.” जरा थांबून म्हणाला, “त्या पिशव्या फुटतात का नाय, बघितलं का पुढं कुणी?”

“नाही रे. वेळच झाला नाही.”

“बघा कधीतरी.”

तो “तुम्ही” म्हणाला, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

मी बघितलं. तो गेल्यानंतर.

या मार्चमध्ये माझी विद्यार्थिनी सायली आणि मी पिशव्यांमध्ये एक रंग भरला. दाटीवाटीने कोंडलेला असतो तोवर तो जवळजवळ चमकत नाही. भिंत फुटून बाहेर पसरला की हिरवा उजळतो.

पॉलिमर घातला. बाटली उलटी केली. पडलं नाही.

मग आम्ही उजेडाची वाट पाहत बसलो. एक तास. दुपार. दुसरा दिवस.

उजेड आला नाही.

नंतर आम्ही साखरेपासून बनलेला, कड्यासारखा एक रेणू घातला, जो त्या शेपट्या आपल्या पोकळीत ओढून घेतो. जेलीचं परत पाणी झालं. तरीही अंधार. म्हणजे धरलं होतं, सोडलं, आणि पिशव्या होत्या तशाच.

अगदी शेवटी साबणाचे दोन थेंब टाकले. भिंती विरघळल्या आणि सगळी बाटली हिरवीगार झाली.

सायली टाळ्या वाजवत होती. मी वहीत वेळ लिहून ठेवली. दोन रेणूंची भिंत! तिच्यात कुणीतरी येऊन शिरतं, तिला घट्ट धरतं, निघूनही जातं, आणि आतलं पाणी आतच राहतं. हे त्याला वीस वर्षांपूर्वी कळलं होतं. एका उलट्या बाटलीवरून आणि घरच्या दोडक्याच्या मांडवावरून.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेले. वहिनींना सगळं सांगितलं, सेमिनारचंसुद्धा. म्हटलं, या प्रयोगावरच्या आमच्या पेपरवर पहिलं नाव संतोषचं हवं. सायलीचंही तेच म्हणणं आहे.

वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “ताई, ते जग त्यांनी सोडलं होतं. आता त्यांचं नाव छापून तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय होणार?”

निघताना त्या म्हणाल्या, “नाव नको.”

ही पोस्ट टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवली. “टाका,” म्हणाल्या. “पण नावाचं उत्तर तेच.”

संतोष, तू बरोबर होतास. तुला जिवंतपणी हे सांगायला हवं होतं. मनापासून नमस्कार.

आणि वहिनी, पेपर महिनाअखेरीला जाईल. आम्ही मोजलं एवढंच, ओळखलं त्याने होतं. तुम्ही पुन्हा नाही म्हणाल, मला माहीत आहे.

तरी विचारते. त्याचं नाव राहू द्याल?