घराकडे तोंड करून

मोइनूर चहा उभ्यानेच प्यायची. चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली, पण खुर्चीत नीट टेकलेली ती मी क्वचितच पाहिली. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली पोर. पुस्तक वाचायचं तर अंगणात येरझाऱ्या घालत, भात खायचा तर ताट हातात घेऊन दारात. माझी बायको हांता तिला म्हणायची, अगं, अन्नासाठी तरी बूड टेक. मग ती बसायची आणि दोन घास खाऊन उठायची.

ती कोमोरोस बेटांवरच्या इकोनी गावची. त्यांच्याकडे एक धुमसता डोंगर आहे, त्याच्या पोटात काय चाललंय ते कळावं म्हणून इथे आमच्या अंतानानारिवो शहरात भूगर्भशास्त्र शिकायला आली. मला त्यातलं काही कळत नाही. मी टॅक्सी चालवतो, आणि माझ्या गाडीच्या पोटात काय चाललंय तेही मला धड ठाऊक नसतं.

त्या वर्षी जूनमध्ये तिच्या मामाने विमानाचं तिकीट पाठवलं आणि तिची भिंगरी फारच वाढली. त्यांच्यात घर मुलीचं असतं. थोरली मुलगी झाली की आई आणि मामा तिच्यासाठी घर बांधायला घेतात. वर्षानुवर्षं भिंती चढत राहतात, घर पुरं झालं की त्यात तिचं मोठं लग्न लागतं आणि गाव जेवतं. मोइनूरचं घर पुरं झालं होतं. नवरा मुलगा जुलैत मार्सेयहून यायचा होता. इकडे तिला आणखी दोन वर्षं शिकायचं होतं, आणि तिच्या सरांनी तिची जागाही धरून ठेवली होती. लग्नाला तिचा नकार नव्हता, फक्त आत्ता नको होतं. हे तिने आम्हाला सांगितलं, सरांना सांगितलं, कोपऱ्यावर तांदळाचे गरम मोफो विकणाऱ्या बाईलाही सांगितलं. आईला तेवढं सांगितलं नव्हतं. आईचा फोन वाजला की ती तो उशीखाली दाबायची आणि अंगणात फेऱ्या मारायची.

विमान रविवारचं होतं. शनिवारी सकाळी ती टॅक्सीपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, सोलोकाका, मला शहर दाखवा. चार वर्षांत कॉलेज, बाजार आणि मशीद सोडून तिने काही पाहिलं नव्हतं. उद्या गावात कुणी राणीच्या महालाबद्दल विचारलं तर काय सांगणार?

"म्हणजे तू जाणार," मी म्हटलं.

"तसं मी कुठं म्हटलं?"

"मग राहणार?"

"तसंही नाही म्हटलं. काका, गाडी काढा ना."

गाडी काढली. नेहमीप्रमाणे आधी पंपावर थांबून बाटलीभर पेट्रोल घातलं आणि चढ चढून राणीच्या महालापाशी नेली. तिथून सगळं शहर पायाशी दिसतं, लोक तासन् तास बसून राहतात. हिने महाल पाहिला तो रस्त्यावरची पाटी वाचावी तसा. मग राजेराण्यांच्या थडग्यांकडे सरळ बोट ताणून विचारलं, ते काय? मी झटकन तिचं बोट दुमडलं. थडग्याकडे आम्ही बोट वाकवूनच दाखवतो. चार वर्षं इथलं मीठ खाऊन एवढंही कळू नये म्हणून मी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली की चार वर्षांत तुम्ही मला एकदा तरी थडगी दाखवायला आणलंत का. मी गाडीकडे वळलो.

अनोसीच्या तळ्यावर तर ती गाडीतून उतरून लगेच परत बसली. जकरंडाच्या फुलांचा मोसम नव्हता हे खरं, पण पाणी तर होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो गाडीच्या खणात टाकला, वर माझं फडकं कोंबलं आणि म्हणाली, पुढे चला. आता मात्र मी किल्ली फिरवली नाही.

"तुला काही बघायचं नाहीये, पोरी," मी म्हटलं. "तुला फक्त आजचा दिवस संपवायचाय."

खणात फोन वाजून वाजून बंद पडला. मग ती म्हणाली की आंबोहिमांगाला नेता का, तेवढं एकच. आंबोहिमांगा म्हणजे शहराबाहेरच्या डोंगरावरची जुनी राजधानी. पेट्रोलच्या नावाने बोटं मोडत मी गाडी वळवली.

वर जुन्या राजाचं घर आहे. काळ्या लाकडाचं, एकच खोली, उंच उंबरठा. दारात खांद्यावर शाल घेतलेली राखणदार बाई बसलेली असते. तिथले नियम मी मोइनूरला मुद्दामच सांगितले नाहीत, बोटाचा राग अजून गेला नव्हता. पण पोरीने उंबरठ्यापाशी थांबून उजवा पाय आधी आत टाकला. बाई खूश झाली. मशिदीत आम्ही असंच जातो, असं मोइनूरने सांगितलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आत मधोमध एक खांब आहे, थेट आढ्यापर्यंत गेलेला. बाईने त्याची गोष्ट सांगितली. पाहुणा आला की राजा खांबावर चढून आढ्यात लपायचा. खाली राणी पाहुण्याशी बोलत बसायची आणि राजा वरून कानोसा घ्यायचा. माणूस बरा वाटला तर वरून एक खडा टाकायचा, की राणीने समजून जावं. मोइनूर हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग विचारलं, आणि पाहुणा बरा नसला तर?

"तर राजा वरच बसायचा," बाई म्हणाली. "राजाच तो, त्याला कोण विचारणार?"

"मी तर राजा नाही," मोइनूर पुटपुटली. ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

निघताना घोटाळा झाला. मशिदीतून बाहेर पडतात तशी ती वळली आणि जपून डावा पाय आधी बाहेर टाकला. तिच्या मते अगदी रीतसर. राखणदार बाई ताडकन उठली. राजाच्या घराला पाठ दाखवून निघालीस? तिने पोरीला पुन्हा आत घेतलं आणि उलट पावली निघायला लावलं. मोइनूर एका हाताने चौकट चाचपत, नजर आतल्या अंधाराकडे, चुलीकडे, खांबाकडे ठेवून मागे मागे सरकत आली. उंबरठ्याला टाच अडकली, मी तिला धरलं. बाहेर आल्यावर ती तशीच दाराकडे तोंड करून उभी राहिली. आता म्हणेल, पुढे चला, म्हणून मी वाट पाहिली, पण ती जागची हलली नाही.

उतारावर मी इंजिन बंद करून गाडी सोडून दिली, नेहमीसारखी. त्या शांततेत तिने विचारलं की कुठल्याही घरातून असं निघता येतं का. मी म्हटलं, राजाच्याच घरातून असं निघतात, एरवी लोकांची डोकी फुटतील. खणातला फोन पुन्हा वाजला. तिने फडकं बाजूला केलं आणि फोन घेतला. ती त्यांच्या भाषेत बोलत होती, मध्ये रडली, मध्ये भांडली. तिकडचा आवाज मला गाडीच्या पत्र्यातूनही ऐकू आला असता.

आई काय म्हणाली ते तिने घराजवळ आल्यावर सांगितलं. "म्हणाली, मला फोनवर सांगितलंस ते सांगितलंस. मामाला समोर उभी राहून सांग."

म्हणून ती गेली. विमानतळावर सामान उतरवताना मी खोलीचं विचारलं. "चावी घेऊन जातेय, काका," एवढंच म्हणाली.

हांता म्हणाली, लग्नाला गेलेली पोर कधी परत आलीय का? मलाही तेच वाटत होतं, आणि चावी गेली म्हणून मी उगाच चिडत होतो. खोली बघायला कुणी आलं की छत गळतं म्हणून सांगायचो. जुलै सरला. आता चहा मी उभ्याने प्यायला लागलो आणि हांता मलाच म्हणाली, बूड टेका.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मागच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. हांताने तिला पोटाशी धरलं, मी नुसताच खाकरलो. मग मोइनूर खुर्चीत बसली, चक्क बसली, आणि सांगायला लागली.

मामाने ऐकून घेतलं आणि बोलणंच टाकलं. नवरा येऊन परत गेला. लग्नाचा मांडव उतरवला. तरी तिने त्याच घरात राहून सगळ्यांची बोलणी ऐकली, आढ्यात लपली नाही. निघायच्या दिवशी मामा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. ही आपल्या घरातून उलट पावली बाहेर पडली. शेजारच्या बाया जमल्या. आईने विचारलं, कंबर धरली का गं तुझी? हिने सांगितलं, घराला पाठ दाखवून जायचं नाहीये मला. आई पुढे आली, हिचे दोन्ही हात धरले आणि तिला सांभाळत चालायला लागली. आई पुढे बघून, लेक मागे. जप, पायरी आहे, असं म्हणत म्हणत.

"अंगणभर मांडवाच्या खांबांना टेकू दिलेल्या विटा पडल्या होत्या," मोइनूर म्हणाली. "मला वाटलं, आपटणार मी. पण एकही वीट पायाला लागली नाही. गाडीपाशी पोचल्यावर वळले, तर माझ्या मागे मामा उभा. दोन्ही हातांत विटा."