चपडीखालची प्लेट

साठचं दशक सरत आलं होतं. मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी रेडिओ जुळवण्याचा नाद होता. नवे सुटे भाग मिळायची मारामार. म्हणून एखाद्या रविवारी अकोल्याला जाऊन जुन्या शहरातल्या एका भंगारवाल्याकडून मोडक्या ट्रान्झिस्टरच्या आतल्या सर्किटच्या प्लेटा आणायचो.

एकदा त्याने दिलेल्या प्लेटवर लालसर, चकचकीत थर होता. नखाने खरवडून वास घेतला. लाकडाच्या पॉलिशला लावतात ती चपडी!

"हे कोनं लावलं?" मी विचारलं.

"घरच्यांनी. पन काढू नका मास्तर, असंच चालवा."

'काढू नका' हेच मला खटकलं. जळके भाग बसवून वरून रंगवले असणार. तरी घेतली, त्याची लबाडी पकडायचीच होती.

"एवढा संशय येते तं आनली कावून?" बायको म्हणाली.

चपडी विरघळवायला स्पिरिट मागितलं तेव्हा औषधाच्या दुकानदाराने मला खालीवर न्याहाळलं आणि तोंडाचा वास घेतल्यासारखा पुढे झुकला. दारूबंदीचा काळ. शाळेचं नाव सांगितल्यावर छोटी बाटली मिळाली. एवढा अविश्वास, याचा मला भारी राग आला.

कापसाने थर भिजवून जुन्या ब्रशने घासायला बसलो. एकेक भाग उघडा पडला. सगळे मूळचेच. फसवणूक सापडेना तसा मी जास्तच जोर लावू लागलो. शेवटी थर निघाला आणि प्लेट माझ्या हातात मधोमध दुभंगली. तांब्याच्या रेघाही तुटल्या.

पुढच्या रविवारी दोन्ही तुकडे भंगारवाल्यापुढे ठेवले. "तडकलेली प्लेट देल्ली तुमी मले."

त्याने ते उलटसुलट करून पाहिले. "तडकली तं होतीच. माही बायको लाखेच्या बांगड्या करते, तिनं चपडी भरून जोडली. चांगली वाजून राहिली होती."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"कोनं लावलं ते तुमी पुसलं, मास्तर. कायले लावलं, ते पुसलं का?"

तुकडे घेऊन परत आलो, तुटलेल्या रेघांवर तारा डाख देऊन जोडल्या. रेडिओ बोलला, पण एक स्टेशन धरून ठेवेना.

पुढेही मी त्याच्याकडे जात राहिलो. तो चहा पाजायचा. पण प्लेट देताना दर वेळी विचारायचा, "घासून तं नाही पाहनार ना?" विचारायचा हसूनच, पण मी 'नाही' म्हणेपर्यंत प्लेट हातातून सोडत नसे.